एकल क्लॅरिनेट आणि सुषिर वाद्यवृंद: ३४ बारांचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका नव्या रचनेच्या पहिल्या सादरीकरणापूर्वीच्या सहा आठवड्यांचे आहे. एकल क्लॅरिनेट आणि सुषिर (मुख्यतः फुंकून वाजवायच्या वाद्यांचा) वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, तीन भागांची आणि साधारण १८ मिनिटांची ही रचना पहिल्यांदा उभी करण्याची जबाबदारी संचालक म्हणून माझ्याकडे होती. रचनाकार अनुभवी होत्या, एकलवादक पूर्ण तयारीने आले होते आणि वाद्यवृंदातील ३७ वादकांपैकी कोणीही कच्चे नव्हते. तरीही पहिल्या पूर्ण तालमीत, दुसऱ्या भागाच्या मध्यावर, एकलवादक वाजवत आहेत हे दिसत होते, पण ऐकू येत नव्हते. सभागृहाच्या मागच्या रांगेत स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेली संगीताची प्रत) घेऊन बसलेल्या रचनाकारांनी तालमीनंतर सांगितले की सलग ३४ बार, म्हणजे लिहिलेल्या संगीतातले मात्रांचे ३४ गट, त्यांना आपली मुख्य ओळ केवळ कागदावरून कळत होती. त्या ३४ बारांत नेमके काय बिघडले होते, आम्ही आधी कोणते चुकीचे उपाय केले आणि शेवटी कोणता बदल टिकला, याची ही नोंद आहे.

वाद्यवृंदाची रचना आधी सांगणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाचे मूळ तिच्यातच होते. पिकोलोसह तीन फ्लूट, दोन ओबो, एक ई फ्लॅट क्लॅरिनेट, सहा बी फ्लॅट क्लॅरिनेट, एक बास क्लॅरिनेट, दोन बसून, एक कॉन्ट्राबसून, चार सॅक्सोफोन, चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक युफोनियम, एक ट्यूबा, एक डबल बास आणि तालवाद्यांसाठी चार वादक, असा तो संच होता. फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे ईस्टमन विंड एन्सेम्बल स्थापन केले तेव्हा मोठ्या बँडमधली वादकांची गर्दी बाजूला सारून प्रत्येक ओळीला लागतील तेवढेच वादक ठेवण्याचा विचार रुजला, आणि आमचा संच त्याच विचारावर बेतलेला होता. परंतु संख्या कितीही आटोपशीर ठेवली तरी अशा संचाच्या केंद्रस्थानी क्लॅरिनेटच असतात. सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन जे काम करतात, म्हणजे मुख्य सुरावट उचलणे, आतले स्वर भरणे आणि इतर वाद्यांना एकत्र बांधून ठेवणे, ते काम येथे क्लॅरिनेटचा गट करतो. आमच्या एकलवादकांच्या मागे त्यांच्याच वाद्याचे आठ सोबती बसलेले होते.

क्लॅरिनेट कॉन्चेर्टोच्या, म्हणजे एकल क्लॅरिनेट आणि साथीचा वाद्यवृंद यांच्या रचनांच्या, परंपरेकडे या नजरेने पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते, आणि ती आधीच माझ्या लक्षात यायला हवी होती. मोझार्टने १७९१ मध्ये लिहिलेल्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोच्या ऑर्केस्ट्रात तंतुवाद्यांखेरीज दोन फ्लूट, दोन बसून आणि दोन हॉर्न आहेत. ओबो नाहीत आणि साथीला क्लॅरिनेटही नाहीत. वेबरच्या १८११ मधल्या दोन्ही कॉन्चेर्टोंमध्ये फ्लूट, ओबो, बसून, हॉर्न आणि ट्रम्पेट आहेत, पण साथीचे क्लॅरिनेट तेथेही वगळलेले आहेत. निल्सनने १९२८ मध्ये तंतुवाद्यांबरोबर केवळ दोन बसून, दोन हॉर्न आणि एक स्नेअर ड्रम घेतला, तर कोपलंडने क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोत तंतुवाद्ये, हार्प आणि पियानो एवढ्यावरच भागवले. या चौघांच्या शैली एकमेकींपासून खूप दूर आहेत, पण एकल क्लॅरिनेटच्या मागे दुसरा क्लॅरिनेट ठेवायचा नाही, ही खबरदारी चौघांनीही घेतलेली दिसते. सुषिर वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याला मात्र ही सवलत सहजासहजी मिळत नाही. स्ट्राविन्स्कीने १९२४ मध्ये पियानो आणि सुषिर वाद्यांसाठी कॉन्चेर्टो पूर्ण केला तेव्हा त्याचे एकल वाद्य साथीच्या वाद्यांपासून जातीनेच वेगळे होते. क्लॅरिनेटला पुढे उभे करण्याचे धाडस त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, रिम्स्की-कोर्साकोव्हने लष्करी बँडसाठी लिहिलेल्या रचनेत केले. तो १८७३ पासून रशियन आरमाराच्या बँडांचा निरीक्षक होता आणि त्या वाद्यांशी त्याचा रोजचा संबंध होता. म्हणजे हा संयोग नवा नाही, परंतु प्रत्येक रचनाकाराला त्यातली अडचण नव्याने सोडवावी लागते.

आता त्या ३४ बारांकडे वळतो. दुसरा भाग संथ आहे. एकल क्लॅरिनेट एक लांब, जवळजवळ न हलणारी सुरावट वाजवते आणि तिच्याभोवती सहा क्लॅरिनेट, आल्टो व टेनर सॅक्सोफोन, हॉर्न आणि युफोनियम मिळून तितक्याच संथपणे बदलणारे स्वरसमूह धरून ठेवतात. सुरावटीचा बहुतेक भाग लिहिलेल्या जी ते बी फ्लॅट या टप्प्यात, म्हणजे (बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजत असल्याने) प्रत्यक्षात सुमारे ३४९ ते ४१५ हर्ट्झ या पट्ट्यात होता. क्लॅरिनेटवादक या स्वरांना थ्रोट टोन म्हणतात आणि त्यांच्याबद्दल सावधपणे बोलतात. या स्वरांसाठी नळीची वरची बरीच छिद्रे उघडी असतात, हवेचा फार आखूड स्तंभ कंप पावतो आणि आवाज फिकट, काहीसा पोकळ येतो. त्यातल्या बी फ्लॅटची तर आणखी पंचाईत असते. वरच्या सप्तकात जाण्यासाठी केलेले बारीक छिद्रच त्या स्वरासाठीही वापरले जाते आणि दोन्ही कामे त्याला सारख्या चोखपणे करता येत नाहीत. रचनाकारांना हे सगळे ठाऊक होते. त्यांना तो फिकटपणाच हवा होता. दुसऱ्या भागाचा सगळा भाव त्यावर उभा होता. म्हणून ‘सुरावट वरच्या चमकदार पट्ट्यात न्या’ हा पहिल्याच दिवशी आलेला सल्ला त्यांनी नाकारला, आणि त्यांनी तो नाकारला हे योग्यच झाले.

पहिला उपाय मी केला आणि तो चुकला. एकलवादक ऐकू येत नाहीत असे कळल्यावर बहुतेक संचालक जे करतात तेच मी केले: साथीच्या सगळ्यांना हळू वाजवायला सांगितले. स्कोअरवरच्या खुणांच्या भाषेत, ‘पियानो’ (हळू) असलेले ‘पियानिस्सिमो’ (फार हळू) झाले, मग त्याहूनही हळू. दोन तालमी यात गेल्या. एकल ओळ किंचित पुढे आली, पण त्याच वेळी स्वरमेळ ढासळू लागला. याला वादकांचा दोष मानता येणार नाही. क्लॅरिनेट हळू वाजवला की त्याचा स्वर चढण्याकडे झुकतो, आणि फ्लूट हळू वाजवला की त्याचा स्वर उतरण्याकडे झुकतो. मी दोघांनाही एकाच वेळी अतिशय हळू वाजवायला लावले, म्हणजे दोघांना विरुद्ध दिशांना ढकलले. एकमेकांच्या अगदी जवळ असलेले पण न जुळणारे दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या कंपनसंख्यांमध्ये जेवढा फरक असेल तेवढे हेलकावे दर सेकंदाला ऐकू येतात. ४४० आणि ४४३ हर्ट्झचे दोन स्वर सेकंदाला तीन हेलकावे देतात. शांत, लांब स्वरसमूहांत हे हेलकावे झाकायला काहीच नव्हते. आवाज कमी झाला आणि मळभ मात्र वाढले. शिवाय अतिशय हळू वाजवताना रीड (तोंडाशी असलेली, फुंकीने कंप पावणारी वेताची पट्टी) नीट बोलेल की नाही या धास्तीने वादकांचे स्वर दचकत सुरू होऊ लागले, आणि ज्या भागात काहीही हलता कामा नये असे स्कोअरवर लिहिलेले होते, तेथे सगळीकडे बारीक थरथर भरली.

दुसरा उपाय मायक्रोफोनचा होता. त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण त्यामागचा एक गैरसमज नोंदवण्यासारखा आहे. मायक्रोफोन सवयीप्रमाणे वाद्याच्या तळाशी, घंटेसारख्या तोंडासमोर लावला गेला. क्लॅरिनेटचा आवाज तेथूनच बाहेर पडतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक स्वरांचा मूळ नाद बोटांखालच्या पहिल्या काही उघड्या छिद्रांतून बाहेर येतो. घंटेतून मुख्यतः सगळी छिद्रे बंद असतानाचा सर्वांत खालचा स्वर आणि इतर स्वरांचे अतिउच्च उपस्वर (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वर) येतात. मायक्रोफोन हलवून पाहिला तेव्हा एकलवादकांच्या बरोबरीने मागचे सहा क्लॅरिनेटही त्यात शिरले. आवाज मोठा झाला, पण कोणता क्लॅरिनेट कोणाचा हे पूर्वीइतकेच अस्पष्ट राहिले. त्या क्षणी मला पहिल्यांदा शंका आली की आपण प्रश्नच चुकीचा मांडला आहे.

चौथ्या तालमीत मी वेळ काढून एक साधी चाचणी केली. तेच ३४ बार पुन्हा पुन्हा वाजवायचे, एकलवादकांनी काहीही बदलायचे नाही, आणि दर वेळी साथीतला एक गट गप्प बसवायचा. सर्वांत आधी ब्रास (पितळी) वाद्ये गप्प केली, कारण सगळ्यांचा संशय त्यांच्यावर होता. ओळ जराशी मोकळी झाली, पण स्पष्ट झाली नाही. मग ब्रास परत आणून सॅक्सोफोन गप्प केले. थोडा अधिक फरक पडला. शेवटी सॅक्सोफोनही परत आणले आणि फक्त सहा क्लॅरिनेट थांबवले. हॉर्न, युफोनियम आणि सॅक्सोफोन मूळ लिहिलेल्या जोराने वाजत असतानाही एकल क्लॅरिनेट त्यातून सरळ वर आला. तो मोठा झाला नव्हता. तो ओळखता येऊ लागला होता. मागच्या रांगेतून रचनाकारांनी हात वर केला. त्यांना तेच ऐकू आले होते.

एकाच वेळी येणाऱ्या अनेक नादांतून कान एखादी ओळ वेगळी कशी काढतो, याची कारणे ध्वनिशास्त्रात स्पष्ट आहेत: नादाचा पोत वेगळा असला, पट्टी वेगळी असली, स्वर सुरू होण्याची वेळ वेगळी असली किंवा तो वेगळ्या दिशेने येत असला, तर कान त्याला स्वतंत्र धागा मानतो. यातले काहीच वेगळे नसेल तर कान सगळे धागे एकत्र विणून टाकतो, आणि मग आवाज कमी-जास्त करून फारसे साधत नाही. आमच्या ३४ बारांत पोत तोच होता, पट्टी तीच होती, आणि स्वर बदलण्याचे क्षणही बहुतेक वेळा जुळत होते. क्लॅरिनेटच्या पोताचे वैशिष्ट्य त्याच्या नळीत आहे. ती जवळजवळ दंडगोल असते आणि रीडच्या टोकाला बंद नळीसारखी वागते, त्यामुळे खालच्या सप्तकात पहिला, तिसरा, पाचवा असे विषम उपस्वर प्रबळ असतात आणि सम उपस्वर दुबळे राहतात. ओबो आणि सॅक्सोफोन यांच्या शंकूच्या आकाराच्या नळ्यांत सगळेच उपस्वर असतात, आणि म्हणूनच फुंकीचा सप्तक बदलल्यावर ती वाद्ये आठव्या स्वरावर जातात, तर क्लॅरिनेट बाराव्यावर उडी घेतो. हा विषम उपस्वरांचा ठसा एका क्लॅरिनेटला ओबो आणि सॅक्सोफोन यांच्या घोळक्यात सहज ओळख देतो. सात क्लॅरिनेट एकाच पट्ट्यात आले की मात्र तोच ठसा सातही जणांचा होतो.

चाचणीनंतर रचनाकारांनी चार दिवस मागून घेतले. नवी पाने आली तेव्हा त्यांनी काय ठेवले आहे यापेक्षा काय काढले आहे हे मी आधी पाहिले. साथीचे सहाही क्लॅरिनेट त्या ३४ बारांतून पूर्णपणे गेले होते. पहिल्या १८ बारांत त्यांनी एकल सुरावट एक सप्तक खाली, लिहिलेल्या खालच्या जी ते बी फ्लॅटपर्यंत नेली होती. हा पट्टा शालुमो नावाने ओळखला जातो; न्यूरेंबर्गच्या डेन्नर या वाद्यनिर्मात्याने सुमारे १७०० साली ज्या जुन्या वाद्यातून क्लॅरिनेट घडवला, त्या वाद्याचेच हे नाव आहे. तेथे आवाज गडद आणि भरीव असतो, पण तो सुमारे १७५ ते २०८ हर्ट्झमध्ये पडतो, आणि नेमक्या त्याच जागी युफोनियम, टेनर सॅक्सोफोन, बसून आणि हॉर्न यांची वस्ती असते. सुरावट नुसती खाली आणली असती तर एका गर्दीतून निघून ती दुसऱ्या गर्दीत पडली असती. म्हणून या १८ बारांत त्यांनी मधला सगळा पट्टा रिकामा केला. खाली फक्त कॉन्ट्राबसून आणि डबल बास ठेवले. वर तीन फ्लूट, हार्मन म्यूट (तोंडात बसवायचे, नाद बदलणारे बूच) लावलेले ट्रम्पेट आणि व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे तालवाद्य) यांना ते संथ स्वरसमूह दिले. हार्मन म्यूटमुळे ट्रम्पेटचा नाद बारीक, काहीसा धातूसारखा होतो आणि क्लॅरिनेटच्या पोताशी त्याची कुठेच गल्लत होत नाही. व्हायब्राफोनचा आणखी एक फायदा तालमीत दिसला: त्याचा स्वर कोणाच्या ओठांवर किंवा श्वासावर अवलंबून नसल्याने फ्लूटवादकांना हळू वाजवताना टेकायला एक पक्की जागा मिळाली, आणि माझ्या पहिल्या उपायाने बिघडलेला स्वरमेळ आपोआप सावरला.

उरलेले १६ बार त्यांनी एकल ओळीपुरते जसेच्या तसे ठेवले. सुरावट पुन्हा थ्रोट टोनच्या जागी येते आणि आता तिच्या खाली फक्त चार हॉर्न असतात. फिकट आवाज फिकटच राहिला, पण त्याच्याभोवती मोकळी जागा असल्यामुळे तो फिकटपणाच ऐकू येऊ लागला. एकलवादकांनीही येथे आपली भर घातली. थ्रोट टोन वाजवताना उजव्या हाताची खालची काही छिद्रे झाकली तर नाद भरीव होतो आणि स्वर थोडा स्थिर होतो, ही युक्ती सगळे अनुभवी वादक जाणतात. त्यांनी प्रत्येक स्वरासाठी वेगळी बोटे निवडली, आणि दोन ठिकाणी मात्र साधी बोटेच ठेवली, कारण तेथे त्यांना आवाज अधिक उघडा-बोडका हवा होता. मला ही निवड फार आवडली.

मधल्या काळात एकलवादकांनी बी फ्लॅटऐवजी ए क्लॅरिनेट (त्याहून अर्धा स्वर खाली वाजणारे वाद्य) वापरण्याची सूचनाही आली होती, पण ती लवकरच मागे पडली. सुषिर वाद्यवृंदाची पसंती बी फ्लॅट, ई फ्लॅट यांसारख्या पट्ट्यांना असते, आणि ई फ्लॅटमधल्या संगीतासाठी ए क्लॅरिनेटवादकाला जी फ्लॅटमध्ये वाजवावे लागते. वेगवान पहिल्या आणि तिसऱ्या भागात त्याने एकलवादकांचा त्रास वाढला असता, आणि पोतातला फरकही आमचा प्रश्न सुटावा इतका मोठा नसतो.

खरा मतभेद तिसऱ्या भागावरून झाला. तेथे एक जागा अशी आहे की एकलवादकांचा वेगवान तुकडा साथीचे सहा क्लॅरिनेट अर्ध्या मात्रेच्या अंतराने एकापाठोपाठ उचलतात, आणि पाच-सहा बारांनंतर मूळ ओळ कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या भागाचा अनुभव ताजा असल्याने मी आग्रह धरला की येथेही निम्मे क्लॅरिनेट काढावेत. रचनाकारांनी स्पष्ट नकार दिला. “दुसऱ्या भागात माझी ओळ हरवली होती, इथे मी ती हरवू देते आहे,” असे त्या म्हणाल्या. मी दोन तालमींपर्यंत मनातून सहमत नव्हतो. पण दुसऱ्या भागात एकल क्लॅरिनेट एकटा ऐकून झाल्यावर तो तिसऱ्या भागात आपल्या गोतावळ्यात मिसळून जातो, तेव्हा ऐकणारा त्याला शोधू लागतो, आणि सहा बारांनी तो सर्वांच्या वर, पिकोलोच्या जवळ पोहोचल्यावर सापडतो. ज्या सारखेपणाने दुसरा भाग बुडवला होता, तोच येथे कामाला लावलेला होता. मी ती जागा छाटली असती तर रचनेचे मोठे नुकसान झाले असते, आणि ते माझ्या हातून झाले असते.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी एकलवादकांना बरीच लांब विश्रांती आहे. तेवढ्या वेळात वाद्य थंड होते आणि स्वर उतरतो, म्हणून तिसऱ्या भागातल्या प्रवेशापूर्वीच्या आठ बारांत आवाज न करता नळीत उबदार हवा फुंकण्याची सूचना त्यांच्या पार्टमध्ये (त्यांच्या वाद्याच्या स्वतंत्र प्रतीत) लिहिली गेली. साथीचे क्लॅरिनेट नेहमी संचालकाच्या डावीकडे बसत. आम्ही त्यांना उजवीकडे हलवले आणि एकलवादकांना डावीकडे ठेवले, जेणेकरून तिसऱ्या भागातला पाठलाग निदान दिशेने कळावा. पार्टच्या जुन्या प्रती इतर वाद्यवृंदांकडे आधीच गेल्या होत्या, आणि त्या परत मागवून नव्या पाठवण्यात रचनाकारांचे बरेच दिवस गेले.

सादरीकरणाच्या दिवशी त्या १८ बारांना सुरुवात झाली तेव्हा साथीच्या सहा क्लॅरिनेटवादकांनी वाद्ये मांडीवर ठेवली. ते दृश्य मी तालमींतही पाहिले होते, परंतु भरलेल्या सभागृहात त्याचा अर्थ वेगळा झाला; श्रोत्यांनी त्यांना थांबताना पाहिले आणि मग ऐकले. खालच्या पट्ट्यातली ती ओळ शेवटच्या रांगेपर्यंत गेली, आणि तीही लिहिलेल्या पियानिस्सिमोमध्येच.

त्यानंतर ही रचना बसवणाऱ्या दुसऱ्या एका वाद्यवृंदाच्या संचालकांनी रचनाकारांना विचारले की त्यांच्याकडे चारऐवजी दोनच हॉर्न आहेत, तेव्हा १६ बारांतले उरलेले दोन स्वर कोणाला द्यावेत. बँडच्या पार्टमध्ये अशा वेळेसाठी दुसऱ्या वाद्यांच्या ओळीत छोट्या अक्षरांत क्यू स्वर (गैरहजर वाद्याऐवजी वाजवायचे स्वर) छापण्याची जुनी आणि उपयुक्त पद्धत आहे, आणि हॉर्नचे स्वर बहुधा सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेटच्या पार्टमध्येच क्यू म्हणून येतात. पहिल्या आवृत्तीत तसे क्यू होते. सुधारित आवृत्तीत रचनाकारांनी त्या ३४ बारांपुरते सगळे क्यू काढून टाकले आहेत, आणि त्या संचालकांना त्यांनी कळवले की हॉर्न नसतील तर ते दोन स्वर रिकामे राहू द्यावेत.